देव झोपवणारं तीर्थ

"काळा पडला! बघा, बघा, काळा पडला!"

मंडपातल्या चारशे बायका एका सुरात ओरडल्या. मखमलाबाद रस्त्यावरच्या आमच्या कॉलनीत एरवी पोरं क्रिकेट खेळतात त्या मोकळ्या प्लॉटवर 'देवजागर परिवारा'चा मंडप लागून महिना झाला होता, आणि दर रविवारी तिथे हाच आरडाओरडा. स्टेजवर एक मोठी काचेची बरणी. बरणीत पिवळंधमक तीर्थ. पिवळं का, तर त्यात खंडोबाचा भंडारा, म्हणजे हळद. बरणीच्या दोन्ही बाजूंना ऊद जळत ठेवलेला, इतका धूर की पहिल्या रांगेतल्या बायका पदर नाकाला लावून बसलेल्या. आणि मधोमध पांढराशुभ्र सदरा, खांद्यावर रुळणारे केस, हातात चांदीचं जाडजूड कडं, वय पस्तिशीच्या आत, आवाज सायीसारखा, असे श्री निर्मळदादा.

बायका आपापल्या देवघरातला टाक घेऊन यायच्या. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला देव, दोन बोटांएवढा. दादा तो टाक लाल दोऱ्याला बांधून तीर्थात सोडायचे. "यळकोट यळकोट जय मल्हार" असा अकरा वेळा गजर व्हायचा. दोरा वर ओढला की टाक तव्यासारखा काळा.

"घाबरू नका, माउली," दादा म्हणायचे. "देव गेलेला नाही. झोपलाय. मला सांगा, मोबाईल घरात आहे, पण रेंज नाही, तर फोन लागतो का? एकट्यानं घरात पूजा करायची म्हणजे रेंज नसताना हॅलो हॅलो करायचं. ऐकतंय कोण? परिवार म्हणजे टॉवर आहे, टॉवर!"

मग ती बाई रडकुंडीला येऊन विचारायची, की आता काय करू. दादा हसायचे. संकल्प करा. येत्या चंपाषष्ठीला सगळ्या घरांतले टाक एकत्र वितळवून परिवाराच्या मंदिरात एकच मोठा चांदीचा खंडोबा उभा राहणार. त्यात तुमचा देव अर्पण करा. घरी पूजेची कटकट नको, दर रविवारी इकडे या. बाई मान डोलवायची. लगेच तो काळा टाक भगव्या कापडात गुंडाळलेल्या एका पातेल्यात, गरम पाण्यात जायचा, पुन्हा गजर, आणि बाहेर यायचा तो लखलखीत! देव जागा! टाळ्या! आणि टाक थेट परिवाराच्या ट्रंकेत.

मी शेवटच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून जळत होतो. मी कोंडाजी, वय सदुसष्ट. ओझरच्या विमान कारखान्यात प्लेटिंग शॉपमध्ये तेहतीस वर्षं धातूंवर मुलामा चढवण्यात गेली. निवृत्तीनंतर बुवांचे चमत्कार करून दाखवतो आणि त्यामागचं विज्ञान सांगतो. दिवाळीच्या आधी याच प्लॉटवर माझा कार्यक्रम झाला. नारळातून आग काढली, लिंबातून रक्त काढलं, जिभेवर कापूर पेटवला. प्रेक्षक अकरा. त्यातले चार चहाला आले होते आणि एक खुर्च्या परत न्यायला. आणि हा गडी पाण्यात टाक बुडवतो तर चारशे! मला सत्यासाठी राग आला, असं लिहायला मला आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर आधी मत्सर वाटला, सत्य मागाहून आठवलं.

तरी चारशे बायकांचं मी गिळलं असतं. त्या चारशेत माझी होती, ते काही गिळवेना.

कला आणि मी अडतीस वर्षं एका घरात आहोत. मी देव न मानणारा, ती खंडोबाला फूल वाहिल्याशिवाय चहा न घेणारी. तिच्या देवघरात देव बरेच, पण मान एकाचाच. तिच्या आईनं लग्नात तिच्या ओटीत घातलेला खंडोबाचा टाक. घोड्यावर खंडेराया, मागे म्हाळसा, पायाशी कुत्रं. रोज सकाळी ती त्याच्याशी बोलते. मंत्रबिंत्र काही नाही, सरळ गप्पा. "आज सिलिंडर संपणार बघ." "सरितानं येवल्याहून दोन दिवस फोन नाही केला, तूच बघ माझ्या लेकीकडे." "यांचे गुडघे दुखतायत, पण डॉक्टरकडे जातील तर शपथ." मी पेपराआडून ऐकतो. जे मला सांगत नाही ते ती त्याला सांगते. लग्नानंतर कितीतरी वर्षं मला त्या दोन बोटांच्या पत्र्याचा मत्सर वाटायचा. त्याच्या स्वतःच्या घरी म्हाळसेला बाणाईचा मत्सर, आणि माझ्या घरी मला त्याचा!

पण आमचा तह झालेला होता. मी पूजेला बसणार नाही, ती बसा म्हणणार नाही. फुलं मात्र मी आणायची. "देवासाठी नका आणू," ती पहिल्याच वर्षी म्हणाली होती. "माझ्यासाठी आणा." तेव्हापासून रोज सकाळी फिरून येताना मी फुलं आणतो. गेली वीस वर्षं कोपऱ्यावरच्या नवसाबाईकडून झेंडूचा पुडा. नवसाबाई मातोरीची. स्वतःच्या वावरातला झेंडू आणि मेथीच्या जुड्या घेऊन पहाटेच्या गाडीनं येते, पोतं अंथरून बसते. आमच्या संसाराला देवाचा आधार होता की नाही ते कला जाणे, पण त्या झेंडूच्या पुड्याचा नक्की होता.

तर त्या रविवारी कलाच्या आधी नवसाबाई स्टेजवर गेली. तिचा टाक झिजलेला, कडा वाकलेल्या. दादांनी जरा नाक मुरडूनच तो तीर्थात सोडला. अकरा गजर झाले. दोरा वर आला आणि टाक होता तसाच पांढरा!

दादांनी टाक एकदा उलटून पाहिला. मग त्यांनी दोन्ही हात वर केले. "जागा देव! पाहा, ही माउली पाहा! हिच्या घरी खंडेराय डोळे उघडून बसलाय!" नवसाबाईला हार घातला. पहिल्या रांगेत गादीची खुर्ची दिली. जिच्याकडून आमच्या कॉलनीतल्या बायका मेथीची जुडी चार वेळा उलटीपालटी करून घेतात, तिच्या पाया पडायला रांग लागली. बिचारी लाजून अर्धी झाली.

त्यानंतर कला गेली. मी मान उंचावून बघत होतो. दोरा वर आला. काळाकुट्ट.

"माई," दादा हळू आवाजात, पण माइकवर म्हणाले, "घरात कुणी न मानणारं आहे का?"

सगळा मंडप वळून माझ्याकडे बघायला लागला. मी उगाच खिशात चष्मा शोधला. कलानं संकल्प केला नाही. "विचार करून सांगते" म्हणाली, आणि काळा टाक पदरात गुंडाळून घरी आली.

घरी आल्यावर मात्र बांध फुटला. "नवसाबाई रविवारी सुद्धा बोंबील खाते! तिचा देव जागा! आणि मी अडतीस वर्षं रविवार पाळले, तर माझा झोपला? मत्सर करू नये, कळतं मला. पण वाटतो हो!"

घरात आता जळणारे दोघं झालो, याचं मला क्षणभर बरंच वाटलं. म्हटलं, चला, हिला समजावू. "अगं, चांदी आहे ती. गंधक लागलं की चांदी काळी पडते. आमच्या शॉपमध्ये साधा रबर बँड आत न्यायला बंदी होती. रबरात गंधक असतं. चांदीच्या मुलाम्याच्या पार्टजवळ रबर बँड राहिला की सकाळी काळा पट्टा. सुपरवायझर आमच्या सात पिढ्या उद्धरायचा. त्या तीर्थात गंधक आहे, दुसरं काही नाही."

"मग नवसाबाईचा का नाही पडला काळा?"

मी चाचरलो. कला तेवढ्यानंच ताठ झाली. "दादांचं तुम्हाला बघवत नाही. इतकी माणसं त्यांच्याकडे जातात ना, म्हणून."

"नाही बघवत! पण मला बघवत नाही म्हणून चांदी काळी पडायची थांबते का?"

"बघा. कबूल केलंत."

आता सांगा, अशा बाईशी वाद घालायचा कसा?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा पुडा आणला. "ठेवा तिकडे," ती म्हणाली. "परिवारानं फुलांची पुडी दिलीय. तीच वाहायची. बाहेरच्या फुलांनी देव आणखी गाढ झोपतो म्हणे." तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत वाळकी पिवळी चुरा झालेली फुलं होती. माझा पुडा ओट्यावर राहिला. मंगळवारचा त्याच्यावर, बुधवारचा त्याच्यावर. तीन दिवसांचा झेंडू पेपरात कुजला आणि मी बघत बसलो.

त्याहून वाईट म्हणजे ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. झोपलेल्याशी काय बोलायचं? हात जोडायची आणि उठायची. सिलिंडर संपला तरी कुणाला सांगितलं नाही. सरिताचा फोन आला तेही त्याला कळवलं नाही. सकाळचं घर असं सुनं झालं की पेपरातलं अक्षर डोक्यात शिरेना. ज्याचा मी अडतीस वर्षं मत्सर केला त्या पत्र्याची मला दया यायला लागली. आणि रविवारी ती संकल्प करणार, तिच्या आईनं दिलेला टाक त्या ट्रंकेत जाणार आणि शेपाचशे टाकांबरोबर वितळून जाणार, हे मला तिच्या तोंडावर दिसत होतं.

बुधवारी दुपारी ती मंडपात भजनाला गेली आणि मी एक मोठी घोडचूक केली. जन्मभर धातू उजळवणाऱ्या माणसाला राहवतं का? पोळ्या गुंडाळायची चंदेरी फॉइल एका भांड्यात अंथरली, वर काळा टाक ठेवला, चमचाभर खायचा सोडा, चिमूटभर मीठ, आणि वरून उकळतं पाणी. पाच मिनिटांत खंडेराया घोड्यासकट चकाचक. चांदीला चिकटलेलं गंधक अ‍ॅल्युमिनियम ओढून घेतं, एवढीच ती करामत. धुऊन, पुसून देवघरात ठेवला. म्हटलं, संध्याकाळी हिला दाखवू, समजावू, फुशारकी मारू.

ती आली ती नाक वर करूनच. "अंडी उकडलीत का हो? कुजक्या अंड्यासारखा वास येतोय." मी सांगायला तोंड उघडेपर्यंत दिवा लावायला देवघराशी गेली, आणि किंचाळली.

"अहो! देव जागा झाला! तीन दिवस एकशे आठ वेळा नाव घेत होते मी! दादांनी सांगितलं होतं!" आणि तिनं मंडपाच्या दिशेनं साष्टांग नमस्कार घातला. माझ्याकडे पाठ करून.

"मी उजळवला तो," मी म्हणालो. "फॉइल आणि सोडा. हे बघ भांडं."

ती वळली. तिचे डोळे भरलेले होते आणि त्यात माझ्यासाठी नुसता राग होता. "देव जागा झाला, तेही तुम्हाला बघवलं नाही? त्याचंही श्रेय तुम्हालाच हवं?"

"कला, त्या तीर्थात चांदीचं काहीही बुडव. चमचा बुडव, करंडा बुडव. काळा पडेल. आणि वास घेऊन बघ. आत्ता घरात आला तोच वास. धुरात लपवलाय त्यांनी."

"पुरे," ती म्हणाली. "त्यांनी जागा केला, आता तो त्यांचा. रविवारी देऊन येते."

मी माझ्या हातानं दादांचा चमत्कार करून दिला होता. तोही फुकट.

शनिवारी सकाळी कोपऱ्यावर गेलो तर नवसाबाई पोत्यावर बसलेली, पण पाया पडणाऱ्या दोन बायका समोर. त्या गेल्यावर मी उकिडवा बसलो. "नवसाबाई, खरं सांगा, तुमचा टाक कुठे घडवला?"

"घडवला कुठला, भाऊ? माझ्या आयनं चंदनपुरीच्या जत्रेत घेतला. जर्मनचा हाय तो."

आपल्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात. मी डोक्याला हात लावला. अरे कोंडाजी, तेहतीस वर्षं काय केलंस! अ‍ॅल्युमिनियमला गंधक काळं करत नाही. म्हणजे तीर्थ देवाची परीक्षा घेतच नव्हतं. ते चांदीची घेत होतं. खरी चांदी असेल तो देव झोपलेला, म्हणजे दादांना हवा. जर्मनचा देव जागा, म्हणजे दादांना नको! नवसाबाईला हार घालून तो टाक तिच्या हातात परत दिला होता, हे मला आत्ता आठवलं.

"मग तुम्ही स्टेजवर सांगितलं का नाही?"

"मला कुनी इचारलंच नाय. आन् चारचौघांत माझा देव जर्मनचा म्हनून सांगू व्हय? त्याला कसं वाटंल?"

"उद्या सांगाल?"

नवसाबाई झेंडूवर पाणी शिंपडत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, ईस वर्सं हितं बसते मी. आजवर मला कुनी खुर्ची दिली का? तुमी तरी दिली का?"

मी उठलो. पुडा घेतला, आणि वाटेतच लक्षात आलं की तो आता कुणाला नकोय.

रविवारी मंडप खचाखच. मी शेवटच्या रांगेत. नवसाबाई पहिल्या रांगेत, गादीच्या खुर्चीवर, नवीन लुगड्यात. दादांनी कलाला मोठ्या कौतुकानं वर बोलावलं. "पाहा, माउल्यांनो! ज्या घरात न मानणारा बसलाय, त्या घरात तीन दिवसांच्या नामानं देव जागा झाला! या, माई. म्हणा संकल्प."

कलाच्या ओंजळीत टाक होता. ती बरणीजवळ गेली. तिथे थबकली. खाली वाकली, आणि धुरातून नाक पुढे करून तिनं वास घेतला. एकदा. दोनदा. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

"दादा, एक शंका होती," ती म्हणाली.

"विचारा की, माई."

तिनं विचारलं नाही. स्टेजवरच बसली, पाय पुढे घेतला आणि पायातलं जोडवं ओढायला लागली. अडतीस वर्षांचं जोडवं ते, सहजासहजी निघतंय कुठलं! सवाष्ण बाई भर मंडपात जोडवं काढते म्हटल्यावर बायका "अगं अगं" करत उठल्या. ते निघालं. लाल दोऱ्याची वाट न बघता तिनं ते दोन बोटांत धरून बरणीत बुडवलं आणि स्वतःच गजर सुरू केला. "यळकोट यळकोट जय मल्हार." आधी ती एकटी. मग सवयीनं सगळा मंडप. अकरा झाले. तिनं हात वर केला. बोटं पिवळी, जोडवं काळं.

"याच्यात कोणता देव झोपला होता, दादा?"

पण माणूस पक्का! हसला. "माई, जोडवं म्हणजे पती. ज्याचा पती नास्तिक, तिचं सौभाग्य काळवंडणारच. हा तर देवानं दिलेला इशारा आहे!"

बायकांत कुजबूज सुरू झाली. पुन्हा चारशे माना माझ्याकडे वळल्या. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. तेवढ्यात माइक नसताना, आवाज न चढवता कला म्हणाली, "माझा नवरा नास्तिक आहे. आणि अडतीस वर्षं माझ्या देवाची फुलं तोच आणतो. तुमची पुडी वाळकी आहे, दादा."

हे मला घरात कधी सांगितलं नव्हतं तिनं. चारशे लोकांपुढे सांगितलं.

दादांनी माइक घट्ट धरला. "माई भ्रमात आहेत. सेविकांनो, त्यांना खाली..."

"मंग तुमचं कडं बुडवा की, दादा!"

पहिल्या रांगेत नवसाबाई उभी होती, गादीच्या खुर्चीसमोर. "तुमी तर लय जागं हायेत. तुमच्या घरात नास्तिक बी नाय. बुडवा कडं. जय मल्हार आमी म्हनतो."

दादांचा कड्याचा हात पाठीमागे गेला. एवढंच झालं. पण चारशे बायकांनी तो जाताना पाहिला. एक म्हणाली, "बुडवा ना, दादा." दुसरी म्हणाली. मग सगळ्याच म्हणायला लागल्या. एका सेविकेनं आपल्या पायातलं पैंजण काढून बरणीत टाकलं, ते काळं निघालं, आणि ती तिथेच मटकन बसली.

"आन् माझा देव जर्मनचा हाय," नवसाबाई मागे वळून सगळ्यांना म्हणाली. "चांदीचा नाय. म्हनून पांढरा ऱ्हायला. कुनी इचारलं नाय म्हनून बोलले नाय. माझं चुकलं. पाया पडला असाल तर वापस घ्या." आणि खुर्चीवरून आपली पिशवी उचलून ती बाजूला जाऊन उभी राहिली.

दादांना चक्कर आली, मग त्यांना गाडी आठवली. पण प्लॉटच्या फाटकात कॉलनीतली मंडळी उभी राहिली ती पोलीस येईपर्यंत हलली नाहीत. जादूटोणाविरोधी कायदा आहे आपल्याकडे, त्याखाली फिर्याद दिली. भगवं कापड सोडल्यावर आत निघालं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं आणि तळाशी सोडा. बरणीतलं पाणी म्हणजे चुना आणि गंधक एकत्र उकळून केलेली निवळी. गंधक आपल्या नाशकात द्राक्षावरच्या भुरी रोगावर मारायला पोत्यानं मिळतं. रंगही पिवळा, वरून भंडारा टाकला की कोण विचारतो? काळं करायचं एक पाणी, उजळवायचं दुसरं, आणि मधल्या वेळात तुमच्या तोंडून 'देते' हा शब्द.

हे सगळं मी स्टेजवर चढून माइकवरून समजावून सांगितलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गर्दी! आणि एकही माणूस ऐकत नव्हता. सगळ्या बायका ट्रंकेभोवती होत्या.

मी व्याख्यान थांबवून तिकडे गेलो. ट्रंकेत शेपाचशे टाक. मला सगळे एकसारखे. तोच घोडा, तीच तलवार. पण पोलिसांनी पंचनामा करून ते दाखवायला घेतले तेव्हा एकही बाई चुकली नाही. "हा माझा, याच्या घोड्याचं शेपूट झिजलंय." "हा माझ्या सासूबाईंचा, कडेला चिमटलाय तो." "माझा, माझा, पोरानं लहानपणी चावला होता!" यांचा एकच मोठा खंडोबा करायचा होता म्हणे. वितळल्यावर त्यात कुणी आपला कसा ओळखला असता?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झेंडूचा पुडा आणला. त्याआधी घरची एक खुर्ची नवसाबाईला नेऊन दिली. "आता कशाला, भाऊ," म्हणाली, पण बसली. कलानं पुडा माझ्या हातातून घेतला आणि देवघराशी जाऊन बसली. मी पेपर उघडला. "ऐकलंस का," ती टाकाला म्हणाली, "यांनी तुला सोड्यात उकळला म्हणे. रागावू नकोस. त्यांना घासायची सवय आहे." मग बराच वेळ हळू आवाजात काहीतरी सांगत राहिली, ते मला ऐकू आलं नाही. मला पुन्हा मत्सर वाटला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

जोडवं मी उजळवून देतो म्हटलं, तर नाही म्हणाली. तसंच काळं घालते. भाजी घेताना, हळदीकुंकवाला, बसमध्ये, कुणी विचारलं की पाय पुढे करून सगळी हकीकत सांगते. बरणीचा वास तिनं कसा ओळखला, जोडवं कसं ओढलं, दादांचा हात कसा मागे गेला. आता तिच्याभोवती बायका जमतात, अकराहून जास्त. आणि त्या हकिकतीत रबर बँड नाही, फॉइल नाही, मी तर कुठेच नाही. म्हणून ही गोष्ट मी लिहून काढली.

तर माझं सांगणं एवढंच. तुमचा देव तुमच्या घरात आहे, त्याच्याशी तुम्ही काय बोलता ते तुमचं तुम्ही जाणा. मी मानत नाही, पण मी मध्ये येणार नाही. मध्ये जो येतो त्याच्याकडे बघा. तुमची श्रद्धा कमी पडते, ती आमच्यामार्फतच पोचते, असं सांगून जो तुमच्या देवाची परीक्षा घेतो, त्याला घाबरू नका. तेच पाणी चांदीच्या चमच्यावर टाकून बघा. वास घ्या, विचारा, शेजारणीचा टाक कशाचा आहे तेही विचारा. आणि तरीही तो हसत राहिला, तर त्याला म्हणा, दादा, आधी तुमचं कडं बुडवा.